एसीएलच्या ऑपरेशननंतर क्वार्टरबॅकला प्रॅक्टिसला कधी पाठवायचं?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या आईवडिलांनाही संदर्भ लागेल. मुलगा १६ वर्षांचा, डॅलसजवळच्या हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो, क्वार्टरबॅक आहे, म्हणजे टीमचा बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, उजव्या हाताने फेकतो. गेल्या सप्टेंबरमध्ये मॅचमध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, फाटलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं, आता मे लागला म्हणजे सात महिने झाले. शाळेची स्प्रिंग प्रॅक्टिस सुरू होतेय आणि कोच म्हणतायत लाल जर्सी घालून येऊ दे, त्याला कोणी हात लावणार नाही. सर्जन म्हणतात नऊ महिन्यांच्या आत नाही. मुलगा म्हणतो, ॲरन रॉजर्स या नामवंत क्वार्टरबॅकचं अकिलीस, म्हणजे टाचेमागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), फाटलं तरी तो ११ आठवड्यांत प्रॅक्टिसला आला, मग मला सात महिने होऊनही का नाही. आणि तुम्ही दोघं नवराबायको मधे सापडलायत.

मी फिजिओ आहे, शिक्षण नागपूरला झालं, टेक्सासमध्ये येऊन १७ वर्षं झाली आणि त्यातली १२ वर्षं हायस्कूल आणि कॉलेजच्या फुटबॉलच्या मुलांबरोबरच गेलीत. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्याच्या सर्जनचा आणि त्याच्या फिजिओचाच, पण माझं मत विचाराल तर सरळ सांगते. प्रॅक्टिसला पाठवा, उद्यापासून पाठवा. फक्त मे महिन्यात इलेव्हन-ऑन-इलेव्हनमध्ये, म्हणजे दोन्हीकडचे लाइनमन (पुढच्या रांगेतले धिप्पाड खेळाडू) समोरासमोर असतात त्या खेळात, त्याने एक स्नॅपसुद्धा, म्हणजे एक डावसुद्धा, घ्यायचा नाही, लाल जर्सी असो नाहीतर हिरवी. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते सांगायला जरा लांबण लागेल.

रॉजर्सचं आधी बघू, कारण प्रत्येक मुलगा हेच उदाहरण घेऊन येतो. ११ सप्टेंबर २०२३, न्यूयॉर्क जेट्सकडून त्याची पहिलीच मॅच, समोर बफेलो बिल्स, चौथ्या स्नॅपला डाव्या पायाचं अकिलीस गेलं. दोन दिवसांत ऑपरेशन झालं. २९ नोव्हेंबरला तो प्रॅक्टिसला उतरला हे अगदी खरं आहे, सगळीकडे बातम्या आल्या. पण त्या दिवशी त्याला मॅच खेळायची परवानगी नव्हतीच, थोड्या ठराविक हालचाली करायची होती. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, नियम असा आहे की इंजर्ड रिझर्व्हवरचा, म्हणजे जखमींच्या यादीतला, खेळाडू प्रॅक्टिसला परत आला की टीमकडे २१ दिवस असतात, तेवढ्यात त्याला मुख्य ५३ जणांत घ्यायचं, नाही घेतलं तर त्याचा सीझन संपला. २१ दिवस भरले तेव्हा म्हणजे २० डिसेंबरला त्याला ५३ मध्ये घेतलंही, पण त्या सीझनमध्ये तो पुन्हा एकही स्नॅप खेळला नाही. पुढची खरी मॅच ९ सप्टेंबर २०२४ ला, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. म्हणजे प्रॅक्टिसला ११ आठवडे आणि मॅचला जवळपास पूर्ण वर्ष! मुलाला ही दुसरी तारीख पण सांगा, त्याने ती वाचलेलीच नसणार. शिवाय अकिलीस वेगळं आणि एसीएल वेगळं, दोघांच्या भरून येण्याचा हिशोबच निराळा, ते तर सोडाच.

उलटं उदाहरण पाहिजे तर अँड्र्यू लकचं घ्या. इंडियानापोलिसचा तेव्हाचा क्वार्टरबॅक, उजव्या म्हणजे फेकायच्याच खांद्याचं ऑपरेशन जानेवारी २०१७ मध्ये झालं, नऊएक महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिस सुरू केली, खांदा दुखायला लागला, फेकणं थांबवावं लागलं आणि नोव्हेंबर लागता लागता त्याचा सगळा सीझन गेला. त्याच्याकडे काय कमी होतं सांगा, डॉक्टर, ट्रेनर, पैसा, सगळं होतं, आणि महिनेही कमी झाले नव्हते. २०१८ मध्ये आला तेव्हा ३९ टचडाउनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, थ्रो फेकले. म्हणून मी कॅलेंडरवर कधीच भांडत नाही. कॅलेंडर हे गेट आहे, त्याआधी पुढे जायचं नाही एवढंच ते सांगतं, गेट ओलांडलं म्हणजे घरी पोचलात असं नाही.

नऊ महिन्यांचं गेट कुठून आलं तेही सांगते, नाहीतर सर्जन उगाच घाबरवतात असं मुलाला वाटतं. एसीएल शिवत नाहीत, बहुतेक वेळा त्याच्या जागी शरीरातलीच दुसरी नस म्हणजे टेंडन लावतात, गुडघ्याच्या वाटीखालची नाहीतर मांडीच्या मागची. ती नस तिथे लावली की आधी मऊ पडते, अशक्त होते, मग हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि ती लिगामेंटसारखी व्हायला लागते, हे काम वर्षभर आणि त्यानंतरही चालू असतं. गंमत म्हणजे मुलाला यातलं काही जाणवत नाही. तिसऱ्या चौथ्या महिन्यात सूज गेली, दुखायचं थांबलं की त्याच्या दृष्टीने पाय बरा झाला. ओस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं तितका, दर महिन्याला, पुन्हा दुखापत व्हायचा धोका जवळपास निम्म्याने कमी होत गेला. आणि २५ वर्षांखालची, पुन्हा मैदानात उतरलेली मुलं बघितली तर साधारण चारातल्या एकाला दुसऱ्यांदा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच पायाला कधी दुसऱ्या. चारातला एक, ताई. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, पण १६ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दोन महिने थांबणं ही किरकोळ गोष्ट नाही म्हणून लिहितेय.

आता क्वार्टरबॅकचं म्हणून जे वेगळं आहे त्यावर येते, खरं घोडं इथंच पेंड खातं.

लोकांना वाटतं क्वार्टरबॅक म्हणजे हात. पण फेकताना जोर जमिनीतून येतो, मागच्या पायाने ढकललं, पुढचा पाय रोवला, कंबर फिरली, मग खांदा, मग हात, आणि बॉल सुटतो. आपल्याकडे फास्ट बोलरचा पुढचा पाय क्रीजवर कसा खुंटीसारखा रोवला जातो आणि अख्खं शरीर त्याच्यावरून फिरतं, तसंच. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा पुढचा पाय डावा. म्हणजे तुमच्या मुलाचा ऑपरेशन झालेला गुडघा हाच त्याची खुंटी. प्रत्येक थ्रोला तो पाय रोवला जाणार आणि खालचं पाऊल जागेवर राहून वरची कंबर फिरणार, आणि क्लीट्स (खिळ्यांचे बूट) घालून टर्फवर (कृत्रिम गवतावर) असेल तर पाऊल अजिबातच सुटत नाही, सगळा पीळ गुडघ्याला. म्हणून मी मुलांना आधी साधे स्नीकर घालून फेकायला लावते, मग खऱ्या गवतावर, मग क्लीट्स, आणि टर्फ सगळ्यात शेवटी. तुमच्या शाळेचं मैदान टर्फचंच असणार, टेक्सासात बहुतेक तसंच आहे, तर कोचना विचारा की कुठल्यातरी कोपऱ्यात गवत आहे का, बेसबॉलचं आउटफिल्ड असलं तरी चालतं.

आणि इथे एक गोष्ट बघायची, जी मला शिकायला काही वर्षं गेली. मुलाचा बॉल रिसीव्हरच्या, म्हणजे झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून वर जायला लागला की कोच ओरडतात हात खाली ठेव, बॉल उशिरा सोड. मी हाताकडे बघतच नाही, डाव्या पायाकडे बघते. पुढच्या पायावर वजन टाकायची भीती असली की मुलगा वजन मागेच ठेवतो आणि मग बॉल वर जातो, पायातला जोर हाताने भरून काढतो. मग दोन आठवड्यांत खांदा दुखतो, कोपर दुखतं, आणि घरच्यांना वाटतं अरे हे नवीन काय आलं. नवीन काही नसतं, तो गुडघाच असतो. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात, शरीर तेच करतं, आणि मुलाला आपण असं करतोय हे माहीतही नसतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या टीमबरोबर होते, त्यांचा क्वार्टरबॅक, हुबेहूब तुमच्या मुलासारखी केस, डावा गुडघा, उजवा हात. साडेनऊ महिने झाले होते, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९५ टक्के, एका पायावरच्या उड्या उत्तम, सूज शून्य. मी सही केली, लाल जर्सीत इलेव्हन-ऑन-इलेव्हनला जाऊ दे म्हटलं. मी साइडलाइनला उभी राहून फक्त गुडघा बघत होते आणि गुडघ्याला खरंच काहीही झालं नाही. पण त्याच्या समोरचा गार्ड, म्हणजे त्याला वाचवणारा स्वतःचाच माणूस, प्रत्येक वेळी ढकलला जाऊन मागे मागे यायचा, पाठ याच्याकडे, टाचा याच्या पायाजवळ. आणि हा मुलगा दूरवर रिसीव्हर बघायच्या ऐवजी त्या टाचा बघायचा. टाचा जवळ आल्या की डावा पाय उचलून मागे उडी मारायचा आणि हवेतूनच हाताच्या जोरावर फेकायचा. तीन आठवडे असं चाललं, मी रोज वहीत लिहिलं गुडघा ठीक. चौथ्या आठवड्यात खांदा सुजला, रात्री झोप लागेना, आणि सीझनच्या पहिल्या चार मॅच तो खांद्यासाठी बाहेर बसला. त्या मुलाचं शेवटचं वर्ष होतं. मी गुडघा तपासला आणि त्याची नजर तपासली नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलेय. क्वार्टरबॅकचा पाय बरा झाला की नाही हे तो पायाकडे बघत नसताना ठरतं. बाकीचे खेळाडू आपल्याला कुठे धक्का बसणार ते बघू शकतात, क्वार्टरबॅकला तसं करता येत नाही, त्याचं काम वीस तीस यार्ड लांब बघायचं आणि पायाशी पाच सहा जण, एकेक १३०-१४० किलोचे, धडपडतायत ते न बघता कळून घ्यायचं. म्हणून प्रॅक्टिसला परत येण्याची पायरी ठरवताना मी विचारते की या पायरीवर पायाकडचं लक्ष किती काढून घेतलं जातंय. लक्ष थोडं थोडं काढायचं, एकदम नाही.

जो बरोचं बघा. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक, २२ नोव्हेंबर २०२० ला वॉशिंग्टनविरुद्ध डाव्याच गुडघ्याचं एसीएल आणि सोबत अजून बरंच काही फाटलं, तो बॉल फेकत असताना वरून खालून दोन्हीकडून लोक आदळले. डिसेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं, जुलै २०२१ च्या अखेरीला सीझनआधीच्या कॅम्पमध्ये उतरला, आठ महिने होत आले होते. आणि पहिले काही दिवस वाईट गेले, थ्रो नीट जात नव्हते, पायाजवळ माणसं आली की अस्वस्थ व्हायला होतं हे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितलं होतं. पाय चालत होता, पण विश्वास नव्हता. कॅम्पचे ते चार आठवडे त्याच कामात गेले, प्रीसीझनमध्ये त्याला अगदी शेवटच्या मॅचमध्ये फक्त तीन स्नॅप दिले, मग १२ सप्टेंबरला मिनेसोटाविरुद्ध खेळला आणि ओव्हरटाइममध्ये जिंकले. त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त, ५१ वेळा त्याला पाडलं आणि तरी टीम सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, गेली. मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते ऑगस्टमधले वाईट दिवस, कारण ते प्रॅक्टिसमध्येच येऊन गेले. प्रॅक्टिस त्यासाठीच असते.

तर तुमच्या मुलासाठी मी काय करीन. मे महिन्यात तो रोज प्रॅक्टिसला जाईल, पूर्ण वेळ, बाकीच्यांसारखा. वॉर्मअपमध्ये सरळ रेषेत धावणं, फिजिओने परवानगी दिलेली असेल तेवढंच. मग कोणी समोर नसताना रिसीव्हरना फेकायचं, आधी उभ्यानेच, मग मागे तीन पावलं टाकून, दोनेक आठवडे काही त्रास नसेल तर पाच पावलं. थ्रो मोजायचे, खरंच मोजायचे, मॅनेजरच्या हातात क्लिकर द्यायचा, कारण हातसुद्धा सात महिने घरी बसलाय हे सगळे विसरतात. पहिल्या आठवड्यात तीसेक थ्रो, एक दिवसाआड. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला कोपराच्या ऑपरेशननंतर सॅन फ्रान्सिस्कोने कॅम्पमध्ये असंच दिवस वाटून आणलं होतं, दोन दिवस फेकायचं, एक दिवस आराम, आणि तो त्याच सीझनला सुपर बोल खेळला. तिथे दुखणं हाताचंच होतं, इथे हात धडधाकट आहे तरी तत्त्व तेच.

बाकी वेळ, म्हणजे टीमचा इलेव्हन-ऑन-इलेव्हन चालू असताना, त्याने खेळणाऱ्या क्वार्टरबॅकच्या दहा पंधरा यार्ड मागे उभं राहायचं, हातात बॉल, आणि प्रत्येक स्नॅपला डिफेन्स बघून मोठ्याने सांगायचं मी कुठे फेकला असता. मोठ्याने, मनात नाही. पोरं कंटाळतात याला, पण जो मुलगा हे इमानदारीने महिनाभर करतो तो ऑगस्टमध्ये डोक्याने बाकीच्यांच्या पुढे असतो, मी बघितलंय. आणि डोकं पुढे असलं की नजर खाली जात नाही, कारण कुठे बघायचं ते आधीच माहीत असतं.

आता नजरेची ती छोटी परीक्षा, ही तुम्ही घरामागच्या अंगणातसुद्धा करू शकता. रिसीव्हरच्या जागी, पंधरा यार्डांवर, कोणालातरी उभं करायचं, तुमचे मिस्टर उभे राहिले तरी चालेल. मुलगा पावलं मागे टाकायला लागला की त्यांनी छातीसमोर बोटं दाखवायची, दोन, मग चार, मग एक, भरभर बदलत, आणि मुलाने पावलं टाकता टाकता आकडे म्हणत राहायचं. नुसतं एवढं जमायला लागलं की पायाजवळ काहीतरी आणायचं. मी व्यायामाचा मोठा हवेचा बॉल वापरते, बाजूने हळूच त्याच्या पायाकडे लोटते, न सांगता. ज्या क्षणाला आकडा चुकतो किंवा थांबतो त्या क्षणाला नजर खाली गेली. सुरुवातीला प्रत्येक वेळी जाते. मला एका मुलाचं आठवतं, चार, दोन, तीन, आणि बॉल त्याच्या पोटरीला लागायच्या आधीच तोंड उघडं ते उघडंच, आकडा बाहेर आलाच नाही, डावी टाच हवेत. दोन सेकंद तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, मी खाली बघितलं का? त्याला कळलंच नव्हतं. सहा आठवड्यांनी त्याच मुलाच्या दोन्ही बाजूंनी मी बॉल लोटत होते आणि हा पाच, एक, तीन, पाच म्हणत पाऊल फक्त वीतभर सरकवून फेकत होता. त्या दिवशी मी त्याला पुढच्या पायरीला जाऊ दिलं.

पुढची पायरी म्हणजे सेव्हन-ऑन-सेव्हन, आणि इथे तुम्ही फसू नका. सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये लाइनमन नसतात, कोणी अंगावर येत नाही. टेक्सासात तर सगळा उन्हाळा हेच चालतं, कॉलेज स्टेशनला जूनमध्ये स्टेटची टूर्नामेंट असते. मुलगा तिथे छान फेकेल, व्हिडिओ बघून तुम्हाला वाटेल झालं, परत आला. हाताची, डोक्याची, रिसीव्हरबरोबरच्या टायमिंगची तयारी म्हणून ते उत्तमच आहे आणि सर्जननी हो म्हटलं, टेस्ट पास झाल्या तर जूनच्या शेवटाला मी जाऊही देईन, फक्त बॉल घेऊन पळायचं नाही आणि अचानक कट मारायचे नाहीत या अटीवर. पण पायाजवळ माणसं असल्याची जी परीक्षा आहे ती तिथे होतच नाही. सेव्हन-ऑन-सेव्हन चांगलं गेलं म्हणून कोच म्हणाले की चला आता पूर्ण खेळ, तर ते एका पायरीवरून तिसऱ्या पायरीवर उडी आहे.

आता लाल जर्सीचं. कोच मनापासून बोलतायत याबद्दल मला शंका नाही, आणि डिफेन्सची मुलं खरंच हात लावत नाहीत. पण हात लावायला बंदी समोरच्यांना असते, पडणाऱ्यांना नसते. धोका येतो तो स्वतःच्या लाइनमनचा, तो ढकलला गेला, अडखळला आणि मागच्या मागे याच्या रोवलेल्या डाव्या पायावर बसला, यात कोणाचीच चूक नसते. १५-१६ वर्षांच्या मुलांत तर जास्तच, कारण लाइनमनचं स्वतःचं फुटवर्क अजून कच्चं असतं. हे कोचना शांतपणे सांगा, कोच समजून घेतात, त्यांना फक्त "आई घाबरते" असं ऐकायची सवय असते. त्यांना विचारा की मेमध्ये याच्याकडून तुम्हाला नेमकं काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर असतं, त्याने प्लेबुक, म्हणजे टीमच्या ठरलेल्या चाली, विसरू नये आणि टीमच्या पोरांना तो दिसत राहावा. ते दोन्ही मी वर सांगितलं त्यात होतं.

अजून एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मला अंदाज आहे. मे महिन्यात कॉलेजचे कोच शाळाशाळांतून फिरतात, प्रॅक्टिस बघतात, आणि मुलगा ज्युनियर, म्हणजे अकरावीत, असेल तर त्याच्या डोक्यात तेच असणार. स्कॉलरशिपचा विषय आहे, मी त्याला हलकं म्हणणार नाही. पण कॉलेजचे लोक ऑपरेशन झालेल्या मुलात काय बघतात हे मी त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकलंय. त्यांना फिल्म गेल्या सीझनची मिळते. मैदानावर ते बघतात उंची, बॉल हातातून कसा सुटतो आणि बाकीची पोरं याच्याकडे कशी बघतात. कोणी समोर नसताना फेकलेले तीस चांगले थ्रो त्यांना पुरतात. सातव्या महिन्यात गर्दीत उतरवलेला, मागच्या पायावरून फेकणारा, दचकणारा क्वार्टरबॅक दाखवून त्याचं नुकसानच होईल.

घरी तुम्ही काय बघायचं तर सकाळ. प्रॅक्टिसच्या संध्याकाळी गुडघ्याला काही कळत नाही, शरीर गरम असतं, आणि मुलगा "मस्त आहे" एवढंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, पलंगावर पाय सरळ पसरून बसला की गुडघ्याची वाटी बघायची. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे दिसतात का, की डाव्या गुडघ्याचे भरून आलेत. खळगा भरलाय म्हणजे काल जास्त झालं, आज फेकायचं नाही, आणि परत सुरू करताना एक पायरी खालून. टाच वर उचलून उशीवर ठेवली की गुडघा उजव्यासारखा पूर्ण सरळ होतो का तेही बघा. हे रोज, दात घासण्यासारखं, न बोलता. आणि "दुखतंय का" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम नाहीच येणार, जागा जाईल ही भीती त्या वयात फार मोठी असते. त्यापेक्षा विचारा आज कुठला थ्रो आवडला नाही. त्यातून तुम्हाला बरंच कळेल. "डावीकडे पळत फेकताना नीट जात नाहीये" असं म्हणाला तर ते त्याच्या फिजिओला कळवा.

जुलैच्या सुरुवातीला नऊ महिने भरतील. तेव्हा पूर्ण टेस्ट, मशीनवर मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद, दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के, मी क्वार्टरबॅकच्या पुढच्या पायाला त्याहून जास्तच मागते. एका पायावरच्या उड्या, आणि उड्यांचं अंतर बघून खूष व्हायचं नाही, उतरताना गुडघा आत जातो का ते बघायचं. नुसत्या अंतराने बरीच पोरं पास होतात आणि उतरतात मात्र घोटा कंबर वापरून, गुडघा वाचवून. थकल्यावर परत एकदा उड्या मारायला लावायच्या, चौथ्या क्वार्टरचा पाय पहिल्या क्वार्टरचा नसतो. हे सगळं झालं की ऑगस्टच्या कॅम्पमध्ये लाइनमन येतात, आधी अर्ध्या वेगाने चालत चालत, मग हातात पॅड घेतलेले मॅनेजर त्याला कमरेच्या वर ढकलतात, मग खरी लाइन पण मोजके स्नॅप, आठ दहा, मधे विश्रांती. गुडघ्याला ब्रेस लावायचा का हे सर्जनना विचारा, काही जण पहिला सीझन लावायला सांगतात, मुलाला त्याने धीर येत असेल तर माझी हरकत नसते, फक्त ब्रेस आहे म्हणून दोन आठवडे आधी सोडा हे मला मान्य नाही.

ऑगस्टअखेर पहिल्या मॅचपर्यंत जवळपास अकरा महिने झालेले असतील. माझा अनुभव असा की तोपर्यंत बरीच मुलं तयार असतात, काहींना अजून तीन चार आठवडे लागतात, आणि ते तेव्हाच कळेल. आत्ता मेमध्ये कोणी तारीख ठरवून मागितली तर देऊ नका, कोचना नाही आणि मुलालाही नाही. आणि पहिल्या स्क्रिमेजला, म्हणजे सराव मॅचला, तुम्ही स्टँडमध्ये बसाल तेव्हा तुमची नजर त्याच्या गुडघ्यावर जाणार हे मला माहीत आहे, आईची जातेच, पण तुम्ही त्याच्या हेल्मेटकडे बघा. आजूबाजूला सगळे कोसळत असताना हेल्मेट वर राहिलं, लांब बघत राहिलं, तर मला कळवा, मला खरंच आनंद होईल.

त्याआधी दोन गोष्टी सर्जनच्या कागदांत शोधून सांगा. ग्राफ्ट (एसीएलच्या जागी लावलेली नस) कुठला वापरलाय, वाटीखालचा की मांडीमागचा, आणि ऑपरेशनमध्ये मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला, टाके घातलेत का. टाके असतील तर जूनमधल्या काही गोष्टी मी अजून मागे ढकलायला सांगीन, त्यामुळे ते आधी बघा आणि तोपर्यंत पाच पावलांचं सुरू करू नका, तीनच ठेवा.